दोघांनीच समुद्रावर जायचं, तर घरी काय सांगू?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: टोकियोतल्या निशी-कासाई भागातून एका भगिनीने लिहिलं आहे. वय छत्तीस, लग्नाला दहा वर्षं झाली, मुलगी पहिलीत. नवरा आयटीत, घरी यायला रोज रात्रीचे साडेनऊ-दहा. त्या स्वतः घरून अर्धवेळ काम करतात. नागपूरहून सासू-सासरे एप्रिलमध्ये आले आहेत आणि जूनअखेर परत जातील. मुलीला आजी-आजोबांजवळ ठेवून दोघांनीच टोकियोच्या नैर्ऋत्येला असलेल्या इझू द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर एखाद्या रयोकानमध्ये, म्हणजे जपानी पद्धतीच्या पारंपरिक हॉटेलात, दोन रात्री राहून यावं असं त्यांच्या मनात आहे. माहेर मुरूडचं, त्यामुळे समुद्राची ओढ जुनी.

नवऱ्याचं म्हणणं असं: ‘तिथे दोन दिवस करायचं काय? समुद्र पंधरा मिनिटांत बघून होतो. तेवढ्याच पैशांत आणखी थोडे घालून सगळ्यांना क्योतो-हिरोशिमा दाखवू. आई-बाबा एवढ्या लांबून आलेत आणि आपण दोघंच जायचं, बरं दिसत नाही.’ या भगिनीला पडलेले प्रश्न: त्याला माझ्याबरोबर एकटं राहायचंच नाही का? सासूबाईंना वाईट वाटेल का? मी शाकाहारी, तो मासे खातो, तिथे माझे हाल होतील का? आणि गरम पाण्याच्या सामूहिक स्नानगृहात सगळे कपडे काढून उतरावं लागतं म्हणतात. मला सिझेरियनचा व्रण आहे, ते काही जमायचं नाही. मग जाण्यात अर्थ आहे का? पत्राचं शेवटचं वाक्य: ‘परत येऊ तेव्हा आम्ही पूर्वीसारखे झालेलो असू, एवढीच इच्छा आहे.’

प्रिय मैत्रीण,

तुमचं पत्र सावकाश वाचलं. सासूबाईंना वाईट वाटेल, सासरे गप्प होतील, नणंदेच्या कानावर गेलं की चर्चा होईल, असं तुम्ही बरंच लिहिलं आहे. पण सासूबाई प्रत्यक्षात काय म्हणाल्या, ते पत्रात कुठेच नाही. म्हणजे त्यांना अजून कुणी विचारलेलंच नाही. तुम्ही विचारलं नाही, कारण नवरा आधीच ‘बरं दिसत नाही’ म्हणाला. त्याने विचारलं नाही, कारण त्याच्या मते हा प्रश्न आईला विचारण्यासारखाच नाही. एका घरात राहणाऱ्या दोन बायकांमध्ये एक साधा प्रश्न अडकून पडला आहे आणि तुम्ही दोघं त्याचं उत्तर आपापल्या मनाने ठरवून मोकळे झाला आहात.

माझा अंदाज सांगू? नातीबरोबर दोन दिवस मिळणार, मध्ये सून नाही की मुलगा नाही, याचा सासूबाईंना आनंदच होण्याची शक्यता जास्त आहे. त्यांना काळजी वाटेल ती वेगळ्याच गोष्टींची. भाषा येत नाही, कुणी दार वाजवलं तर काय बोलायचं, पोरीला ताप आला तर कुठे न्यायचं. या काळज्या खऱ्या आहेत आणि त्यांवर उपाय आहेत. ‘त्यांना काय वाटेल’ या धुक्यावर उपाय नाही, कारण त्यात हात घालायला काही सापडतच नाही.

आता नवऱ्याच्या प्रश्नाकडे. ‘तिथे करायचं काय?’ हे वाक्य तुम्ही नकार म्हणून ऐकलंत आणि त्यातून थेट ‘त्याला माझ्याबरोबर राहायचंच नाही’ इथवर पोचलात. मला तो खराखुरा प्रश्न वाटतो. तुम्ही मुरूडच्या. तुमच्या लेखी समुद्र समोर असला की पुरे, त्याचं वेगळं काही करायचं नसतं. नागपूरला वाढलेल्या माणसासाठी समुद्र हे बघायचं ठिकाण. गेलो, फोटो काढला, कणीस खाल्लं, आलो. त्याला खरंच कळत नाही की दुसऱ्या दिवशी त्याच पाण्याकडे पुन्हा काय बघायचं. शिवाय रोज रात्री दहाला घरी येणाऱ्या माणसाला रिकामा वेळ भिववतो. यादी हातात असली की त्याला बरं वाटतं, मग ती क्योतोच्या देवळांची का असेना. म्हणून त्याला ‘आराम करू’ असं सांगू नका. तिथला दिवस कसा जातो ते सांगा. तो मी इथे जरा विस्ताराने लिहिते, म्हणजे तुम्हालाही आपण नक्की काय मागतो आहोत याचं चित्र दिसेल.

रयोकानमध्ये खोली साधारण दुपारी तीनला मिळते. दाराशी चपला-बूट काढायचे, आतल्या सपाता घालायच्या, आणि खोलीत तातामीच्या चटईवर पाय ठेवण्याआधी त्यासुद्धा बाहेर काढायच्या. बुटक्या मेजावर चहाचं सामान आणि स्थानिक गोड पदार्थ ठेवलेला असतो. सुती युकाता, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायचा सैल झगा, असतो, तो घालून तुम्ही जेवायलाही जाऊ शकता. डावी बाजू वर येईल असा गुंडाळायचा, कारण उजवी वर असते ती मृताच्या अंगावर. पाचच्या सुमारास स्नान, सहा-साडेसहाला जेवण. बऱ्याच ठिकाणी ते एकेका लहान ताटलीतून, तासा-दीड तासात, सावकाश येत राहतं. काही रयोकानांत तुम्ही जेवत असतानाच तातामीवर गाद्या घातल्या जातात. मग हवं तर पुन्हा स्नान, आणि झोप. सकाळी पुन्हा स्नान, आठला न्याहारी, दहा-अकराला खोली सोडायची.

यात एक गोष्ट नीट बघा. या सगळ्या वेळात तुम्हाला काहीही ठरवायचं नसतं. भाजी कोणती, डबा काय, पोरीचा गणवेश वाळला का, सासऱ्यांची गोळी झाली का, यांतलं काहीच नाही. ताट समोर येतं, अंथरूण घातलेलं असतं. तुम्ही समुद्र मागताय असं लिहिलंय, पण मला पत्रातून जो थकवा जाणवला तो सतत ठरवत राहण्याचा आहे. नवराही ऑफिसात दिवसभर दुसरं काय करतो? म्हणजे तुम्हा दोघांना लागलेली गोष्ट एकच आहे. फक्त तो तिला क्योतो म्हणतोय आणि तुम्ही समुद्र. त्याला हे असं सांगून बघा.

आणि त्याच्या यादीलाही तिथे जागा आहे. दोन रात्री राहिलात तर मधल्या दिवशी साधारण अकरा ते तीन या वेळात बहुतेक ठिकाणी स्नानगृहांची साफसफाई चालते, खोल्याही आवरायच्या असतात. तेव्हा बाहेर पडायचंच असतं. इझू-कोगेनजवळ जोगासाकीचा किनारा आहे. सुमारे ४,००० वर्षांपूर्वी ओमुरो डोंगराचा उद्रेक झाला, लाव्हा समुद्रात शिरून थिजला आणि त्याचे काळे कडे तयार झाले. त्यावर ४८ मीटर लांबीचा झुलता पूल आहे, खाली २३ मीटरवर लाटा फुटतात. ओमुरो डोंगर ५८० मीटर उंचीचा. त्यावर पायी चढू देत नाहीत, खुर्चीच्या पाळण्यातून जायचं आणि माथ्यावरच्या विवराच्या कडेने फेरी मारायची. हवा स्वच्छ असली तर तिथून फुजी दिसतो. हे चार तास त्याच्या हवाली करा. तिकिटं, बस, वेळापत्रक, सगळं त्यालाच बघू दे. तीनपासून पुढे मात्र तुमची वेळ.

जायचं कुठे? इझूचा पूर्व किनारा उत्तरेकडून दक्षिणेकडे असा: अतामी, इतो, इझू-कोगेन, होक्कावा, अतागावा, इनातोरी, कावाझू, शिमोदा. अतामी शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, टोकियोहून पाऊण तासावर. १९६४ मध्ये शिंकान्सेन सुरू झाली तेव्हापासूनचं स्थानक. एके काळी जपानी जोडपी मधुचंद्राला तिथे जायची, नंतर कंपन्यांच्या मोठाल्या सहली येऊ लागल्या, त्यासाठी उंच काँक्रीटची हॉटेलं उभी राहिली, १९९० नंतर उतरती कळा लागली आणि अलीकडे पुन्हा गर्दी व्हायला लागली आहे. सोय उत्तम, पण तुमच्या डोक्यात आहे ती शांतता तिथे शोधावी लागेल. दुसऱ्या टोकाला शिमोदा. १८५४ च्या करारानंतर अमेरिकी जहाजांना खुलं झालेलं बंदर, जवळच शिराहामाची पांढरी वाळू. तुमच्यासारख्या मुरूडच्या मुलीला तीच आवडेल. पण तिथे पोचायला ओदोरिको एक्सप्रेसने अडीच तासांच्या वर लागतात.

मला विचाराल तर अतागावा ते इनातोरी हा मधला पट्टा निवडा. साधारण सव्वादोन तास. रयोकान थेट पाण्याकाठी, खिडकीतून इझू-ओशिमा बेट दिसतं, आणि किनारा पूर्वेकडे तोंड करून असल्यामुळे सूर्य समुद्रातून उगवतो. मे-जूनच्या दिवसांत तो साडेचारच्या सुमारास उगवतो, तेवढी तयारी ठेवा. सूर्यास्त समुद्रात हवा असेल तर पश्चिमेला दोगाशिमा-तोईकडे जावं लागतं. तिकडे रेल्वे नाही, बसने वेळ जातो, त्यामुळे दोन रात्रींत मी तुम्हाला तिकडे पाठवणार नाही. जाताना डावीकडची जागा घ्या, समुद्र त्या बाजूला असतो. थोडा वेळ हाताशी असेल तर अतामीहून किंवा इतोहून इझुक्यू रेल्वेची ‘रिसॉर्ट २१’ ही साधी गाडी पकडा. तिच्यात समुद्राच्या बाजूला खिडकीकडे तोंड करून बसायची आसनं आहेत आणि त्यासाठी जादा पैसे पडत नाहीत.

मुलीपासून सव्वादोन तास लांब, या विचारानेच झोप लागणार नसेल तर मात्र सरळ अतामी घ्या. मन घरी ठेवून सुंदर किनाऱ्यावर बसण्यापेक्षा गर्दीच्या अतामीत निवांत बसलेलं चांगलं.

आता स्नानाचं. हा भाग तुम्ही फार संकोचून, शेवटी दोन ओळींत लिहिला आहे, म्हणून मी तो सविस्तर घेते. पहिली गोष्ट, सामूहिक स्नानगृहं जवळजवळ सगळीकडे बायकांची वेगळी आणि पुरुषांची वेगळी असतात. मिश्र स्नानाची मोजकी ठिकाणं आहेत, ती आरक्षण करताना विचारून टाळता येतात. बायकांच्या बाजूला गेलं की एका टोपलीत कपडे ठेवायचे. हातात एक लहानसा टॉवेल असतो, तो अंगासमोर धरून चालायला कुणाची हरकत नसते. आत भिंतीला लागून नळ, त्यांच्यासमोर बुटकी स्टुलं आणि छोट्या बादल्या. स्टुलावर बसून आधी साबणाने स्वच्छ अंघोळ करायची, फेस पूर्ण धुवायचा, केस वर बांधायचे, आणि मग शांतपणे पाण्यात उतरायचं. टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. घडी करून डोक्यावर ठेवतात किंवा काठावर. कुणी कुणाकडे बघत नाही. शेजारी सत्तरीच्या आजी असतात, लहान पोरीला मांडीवर घेतलेली आई असते, ऑपरेशनचे व्रण असलेल्या बायका असतात. सिझेरियनचा व्रण तिथे कुणाला नवलाचा नाही.

तरी जमणार नाही असं वाटलं, तर जमवायलाच हवं असं काही नाही. बऱ्याच रयोकानांत ‘काशिकिरी’ असतं, म्हणजे चाळीस-पन्नास मिनिटांसाठी फक्त तुमच्यापुरतं राखलेलं छोटं स्नानगृह. कुठे ते फुकट असतं, कुठे थोडे पैसे घेतात. तिथे तुम्ही दोघं एकत्र जाऊ शकता. गॅलरीतच गरम पाण्याचं टाकं असलेल्या खोल्याही मिळतात, त्या बऱ्याच महाग. माझा सल्ला असा, की पहिल्या दिवशी काशिकिरी राखून ठेवा. दुसऱ्या दिवशी पहाटे, स्नानगृह उघडल्या उघडल्या, बायकांच्या बाजूला एकदा डोकावून बघा. त्या वेळी बहुतेक रिकामं असतं. वाटलं तर उतरा. पाळीच्या दिवसांत सामूहिक पाण्यात उतरत नाहीत, तेव्हा तारखा ठरवताना तेवढं बघा. कुणाच्या अंगावर टॅटू असेल तर सामूहिक बाजूला अनेक ठिकाणी मनाई असते. नवरा बिअर घेत असेल तर स्नान आधी, बिअर नंतर. गरम पाण्यात चक्कर येते. एका वेळी दहा-पंधरा मिनिटं पुरे, आणि वर आल्यावर भरपूर पाणी प्यायचं. किनाऱ्यावरचे झरे बरेचसे खारट असतात. मिठाचा थर अंगावर राहतो आणि ऊब बराच वेळ टिकते.

यात तुमच्या एका समजुतीला जरा धक्का लागेल. जोडप्याने आराम करायला जायचं म्हणजे प्रत्येक मिनिट बरोबर घालवायचं, असं तुमच्या पत्रात गृहीत आहे. तिथे मात्र दिवसातून दोनदा-तीनदा तुम्ही वेगवेगळ्या पडद्यांमागे जाल आणि अर्ध्या-पाऊण तासाने बाहेरच्या बाकावर भेटाल. मला हे फार चांगलं वाटतं. घरी तुम्ही दोघं एकत्र असता तेव्हा मध्ये कायम कुठलं तरी काम असतं. इथे दोघंही एकटे, निवांत होऊन एकमेकांकडे परत येता. वेळ सांगून ठेवा म्हणजे झालं, नाहीतर एक जण ताटकळतो आणि चिडचिड तिथूनच सुरू होते.

जेवणाचा प्रश्न मात्र तुम्हाला वाटतो तेवढाच अवघड आहे, मी तो उगाच सोपा करून सांगणार नाही. हा पट्टा मासळीचा. इनातोरीचा किनमेदाई, तो लाल रंगाचा, मोठ्या डोळ्यांचा मासा, गोडसर सोया सॉसमध्ये शिजवून समोर येईल आणि नवरा खूश होईल. तुमची अडचण माशाच्या तुकड्याची नाही, तो दिसतो. अडचण दाशीची आहे. बोनिटो माशाच्या सुकवलेल्या पापुद्र्यांचं ते सार मिसो सूपमध्ये, शिजवलेल्या भाज्यांत, सोबा नूडल्सबरोबरच्या सॉसमध्ये, सगळीकडे असतं. ऐन वेळी ‘व्हेजिटेरियन’ म्हणून सांगितलंत तर मासा काढून बाकी तसंच वाढतील, आणि त्यात त्यांचा दोष नाही. म्हणून आरक्षणाआधी जपानीत मेल लिहा, कुणाकडून तरी तपासून घ्या. त्यात स्पष्ट असावं: मांस, मासे, शिंपले चालत नाहीत. माशाची दाशीही चालत नाही. कोम्बू या समुद्री शेवाळाची आणि शिताके अळंबीची दाशी चालते. अंडं, दूध यांचं तुमचं जे असेल ते. ‘जमेल का?’ असं विचारा आणि होकार आल्यावरच पैसे भरा. काही ठिकाणी नम्रपणे ‘नाही’ म्हणतील. तो प्रामाणिक नकार समजून पुढच्याला लिहा. होकार देणारी जागा तोफू, युबा (सोया दुधाची साय), डोंगरी भाज्यांचा तेंपुरा (जपानी भजी), भात, लोणची असं छान करून देते. इझूच्या डोंगरातला ताजा वासाबीही तुमच्या पानात असेल, तो मुळात झरे-ओढ्यांच्या वाहत्या पाण्यात वाढवलेला कंद आहे, अगदी शाकाहारी. दोन्ही रात्रींची हमी मिळत नसेल तर काही ठिकाणी एका रात्री फक्त न्याहारी असा पर्याय घेता येतो. पिशवीत मेतकुटाची डबी असू द्या. सकाळचा तिथला भात उत्तम असतो.

पैशांबद्दल: दर खोलीचा नसतो, माणशी असतो, आणि त्यात बहुधा रात्रीचं जेवण व न्याहारी धरलेली असते. त्यामुळे पहिल्यांदा आकडा बघून दचकायला होतं. त्यातून दोन जेवणं वजा करून मग हॉटेलशी तुलना करा. स्नानाचा कर वेगळा, साधारण माणशी रोज १५० येन. शनिवारची रात्र सर्वांत महाग, आठवड्याच्या मधल्या रात्री स्वस्त. नवरा ‘रजा नाही’ म्हणाला तर त्याला आठवण करून द्या, की एप्रिल २०१९ पासून जपानच्या कायद्याने ज्यांना वर्षाला दहा किंवा जास्त दिवसांची भरपगारी रजा आहे त्यांना त्यातली किमान पाच दिवस घ्यायला लावणं मालकावर बंधनकारक आहे. रद्द करण्याचे नियम मात्र आधी वाचा. तारीख जवळ आली की कापलेली रक्कम वाढत जाते आणि त्याच दिवशी रद्द केलं तर अनेकदा काहीच परत मिळत नाही. घरात लहान मूल आणि वडीलधारी असताना हे महत्त्वाचं आहे.

‘आई-बाबा आलेत आणि आपण दोघंच’ या नवऱ्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ते तुम्ही झटकून टाकू नये असं मला वाटतं. मुलाला आई-वडिलांना काही दाखवायचं आहे, ही चांगली इच्छा आहे. ती आधी पूर्ण करा. एका रविवारी सगळे मिळून कामाकुराला जा. टोकियोहून तासाभराची रेल्वे, ब्राँझचा अकरा मीटरांहून उंच बुद्ध, आणि एनोदेनच्या छोट्या गाडीतून समुद्राकाठचा प्रवास. संध्याकाळी घरी. क्योतोचा मोठा बेत त्यांच्या परतीच्या आधी वेगळा आखा, आणि त्यात तुमच्या मधुर एकांताची अपेक्षा ठेवू नका, तो आई-बाबांचा प्रवास असू दे. दोन वेगळ्या गोष्टी एकाच बजेटात आणि एकाच सुटीत कोंबायचा प्रयत्न चाललाय, म्हणून तुमची भांडणं होत आहेत.

सासूबाईंशी बोलायचं ते तुम्ही दोघांनी मिळून, पण सुरुवात मुलाने करावी. ‘आई, आम्ही दोघं दोन रात्री बाहेर जाऊन येऊ का? तुला एकटीला जड जाईल का, खरं सांग.’ आणि मग खरोखर ऐका. त्या म्हणाल्या, दोन रात्री नको, एकच, तर एकच. पण एका रात्रीचा हिशोब लक्षात घ्या. दुपारी तीन ते सकाळी दहा म्हणजे फक्त एकोणीस तास, त्यामुळे मग अतामीच बरं. घरात मराठीत लिहिलेला एक कागद भिंतीला लावा: रुग्णवाहिका आणि आग ११९, पोलीस ११०, तुमच्या इमारतीतल्या किंवा जवळच्या एखाद्या मराठी मैत्रिणीचा नंबर, मुलांच्या डॉक्टरांचा पत्ता. घरचा पत्ता जपानीत लिहून सासऱ्यांच्या खिशात द्या. दोन दिवस शाळेत आजोबा न्यायला-आणायला येतील, हे शाळेला आधी कळवा, आणि तो रस्ता त्यांच्याबरोबर आधी चालून ठेवा. मुलीशी व्हिडिओ कॉल दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, जेवणाच्या जरा आधी. दर तासाला फोन केलात तर तिकडे तिघंही अस्वस्थ होतील आणि इकडे तुम्ही दोघं. नवऱ्याचा लॅपटॉप घरी राहील, एवढं मात्र आधीच ठरवून घ्या.

किनाऱ्यावर जाताय म्हणून एक सूचना. जमिनीला जोराचा किंवा बराच वेळ हादरा बसला तर त्सुनामीच्या भोंग्याची वाट न बघता उंचावर जायचं, युकाता अंगावर असला तरी. खोलीत जाताच दारामागचा बाहेर पडायच्या वाटांचा नकाशा दोघांनी मिळून बघून घ्या. आणि मेच्या शेवटी तिथलं पाणी थंड असतं. पोहायचा हंगाम आणि जीवरक्षक जुलै-ऑगस्टमध्ये. तुम्ही मुरूडच्या असलात तरी तो पॅसिफिक आहे, आता गुडघाभर पाणी पुरे.

‘पूर्वीसारखे होऊ’ या तुमच्या शेवटच्या वाक्यावर मी बराच वेळ थांबले. दहा वर्षांपूर्वी तुम्हाला मूल नव्हतं, परक्या देशातलं घर चालवायचं नव्हतं, त्याच्यावर एवढ्या कामाचा बोजा नव्हता. ती दोन माणसं परत मिळणार नाहीत, आणि हे काम दोन रात्रींवर सोपवलंत तर त्या दोन्ही रात्री तुम्ही ‘काही बदललं का’ हेच तपासत बसाल. तो पहिल्या रात्री जेवून नऊला झोपला तर रुसू नका, ती झोप कित्येक महिन्यांची साचलेली असेल. बोलणं झालं तर दुसऱ्या संध्याकाळी होईल. नाही झालं तरी सहल फसली असं समजू नका. हे सगळं मी थकलेल्या दोन माणसांबद्दल लिहिते आहे. पत्रात न लिहिलेलं काही असेल, अपमान, भीती, महिनोन्महिन्यांचा अबोला, तर समुद्र त्यावरचा इलाज नाही. मला पुन्हा लिहा किंवा समुपदेशकाकडे जा. हल्ली मराठीतून ऑनलाइन बोलणारे समुपदेशक मिळतात.

आणि एवढं करूनही तो ‘नाही’च म्हणाला तर? तर सगळे मिळून एकच रात्र जा. कुटुंबासाठी मोठ्या तातामीच्या खोल्या असतात, सासू-सासऱ्यांची वेगळी खोली घ्या. आजी नातीला घेऊन बायकांच्या स्नानाला गेली की तुम्हाला दोघांना काशिकिरी मिळेल. ही तडजोड आहे, पण वाईट नाही. एकटीने किंवा मैत्रिणीबरोबर जाऊन येणं हाही मार्ग आहे. एकट्या माणसाला काही रयोकान घेत नाहीत किंवा जास्त दर लावतात, तेवढं विचारून घ्यायचं.

भारतातून आठ-दहा दिवसांसाठी जपानला येणाऱ्या जोडप्यांनीही हे पत्र पाठवलं असतं तर मी जवळपास असंच लिहिलं असतं, फक्त दोन गोष्टींची भर घालून. किनाऱ्यावरच्या दोन रात्री प्रवासाच्या शेवटाकडे ठेवा, विमानातून उतरल्या उतरल्या नको, नाहीतर अर्धा वेळ जांभया देण्यात जातो. आणि फक्त टोकियो-इझू करायचं असेल तर जेआर पास, म्हणजे पर्यटकांसाठीचा जपान रेल्वेचा पास, घेऊ नका. ऑक्टोबर २०२३ च्या दरवाढीत सात दिवसांचा साधा पास ५०,००० येनांवर गेला, आणि इतोच्या पुढची इझुक्यू रेल्वे तशीही त्यात येत नाही.

तुमच्या हातात दिवस थोडे आहेत. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात तिकडे पावसाळा लागतो. पाऊस असला तरी रयोकानमध्ये काही अडत नाही, पण ओमुरो डोंगराचा पाळणा बंद राहिला तर नवऱ्याचे चार तास फुकट जातील. तेव्हा या शनिवारी सकाळी दोघं चहाला बसाल तेव्हा विषय काढा, दुपारी सासूबाईंना विचारा, आणि त्यांचा होकार आला की रात्रीच दोन-तीन रयोकानांना दाशीची मेल धाडून द्या. उत्तरं यायला एक-दोन दिवस लागतात.

तुमची,
सल्लागार मैत्रीण